आधी माणसं न्या, सामान दिवाळीनंतर

प्रश्न: ताई, आम्ही पुण्याचे. मिस्टरांचं ऑफिसचं काम आता कायमचं घरून झालं आहे. त्यांच्या मित्राचं गोव्यात दिवाडी बेटावर जुनं कौलारू घर आहे. मित्र परदेशात असतो, घर रिकामं पडून खराब होतंय म्हणून आम्हाला भाड्यानं द्यायला तयार आहे. घरात जुने पलंग, जेवणाचं टेबल आणि दोन कपाटं आहेत. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सगळं बिऱ्हाड एकदम हलवायचं, असं मिस्टरांच्या मनात आहे. मुलगी जूनपासून चौथीत जाईल. पॅकर्सवाले म्हणतात, ट्रक फेरीबोटीवर चढेल की नाही ते तिथे पोचल्यावर बघू. माझ्या आजेसासूबाईंचं सागवानी कपाट आहे, पितळेची भांडी आहेत, पुस्तकांची चौदा खोकी आहेत, शिवाय फ्रिज, वॉशिंग मशीन, सोफा, बॉक्सचा पलंग, मॉड्यूलर कपाटं. गाडी एमएच पासिंगची. हे सगळं पाण्यापलीकडे कसं न्यायचं? काय न्यावं, काय विकावं? सासूबाई (वय ७४, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली) आमच्याबरोबरच असतील.

उत्तर: तुमचं मूळ पत्र मोठं आहे, इथे मी ते थोडक्यात छापलं. त्यात सामानाची यादी दोन पानं होती आणि सासूबाईंबद्दल एकच ओळ, तीही शेवटी. मी सुरुवात त्या ओळीपासून करणार आहे. कपाट नदीपलीकडे नेता येतं, त्याला उपाय आहेत. रात्री दीड वाजता सासूबाईंच्या छातीत दुखू लागलं तर नदीच्या अलीकडे कसं यायचं, याचं उत्तर मात्र घर ठरवण्याआधी हातात हवं.

दिवाडी हे मांडवी नदीतलं बेट आहे आणि त्याला पूल नाही. जुने गोवे, रायबंदर आणि डिचोलीच्या बाजूचं नार्वे अशा तीन दिशांनी फेरीबोटी जातात. शेजारच्या चोडण बेटाची गोष्ट वेगळी. तिथेही रायबंदरहून फेरी जाते, पण मये गावाच्या बाजूनं रस्ताही आहे, त्यामुळे अडीअडचणीला लांबून का होईना, गाडी चाकांवर बाहेर पडते. दिवाडीला ती सोय नाही. नदी ओलांडायला दहा मिनिटंही लागत नाहीत, पण बोट समोरच्या काठाला असेल तर थांबावं लागतं, आणि शेवटची बोट गेल्यावर ती थांबण्याची वेळ किती होते ते बेटावरच्या माणसांनाच ठाऊक असतं.

म्हणून तुम्ही दोघं, शक्य असेल तर सासूबाईंना घेऊन, एप्रिलमध्ये तीन दिवसांसाठी जा. हॉटेल पणजीत घेऊ नका, बेटावरच एखाद्या घरगुती खोलीत राहा. पहिल्या संध्याकाळी जुने गोव्याच्या धक्क्यावर जाऊन फेरीबोटीवरच्या कर्मचाऱ्यांशी बोला. शेवटची बोट किती वाजता? त्यानंतर बोट रात्री कुठल्या काठाला बांधतात? आजारी माणूस असेल तर कुणाला फोन करायचा, आणि तो उचलला जातो का? १०८ ची रुग्णवाहिका बोटीवरून बेटावर येते की रुग्णाला अलीकडे आणावं लागतं? हेच प्रश्न मग घराशेजारच्या दोन-तीन घरांत विचारा. त्यांच्याकडे याची खरी उत्तरं मिळतील, कारण त्यांच्या घरातही म्हातारी माणसं आहेत आणि त्यांनी अशा रात्री काढलेल्या आहेत. जुने गोव्याहून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज दहाएक किलोमीटरवर आहे. म्हणजे नदी ओलांडली की चांगलं इस्पितळ जवळच आहे, आणि तुमच्या सगळ्या नियोजनाचा कस त्या मधल्या पाण्यावर लागतो. पुण्यातल्या हृदयरोगतज्ज्ञांनाही स्पष्ट विचारा: इस्पितळात पोचायला रात्री तासभर लागू शकेल अशा ठिकाणी यांना ठेवलेलं चालेल का? छातीत दुखलं तर घरात लगेच कोणती गोळी द्यायची? ते नको म्हणाले, तर दिवाडीऐवजी रायबंदरला घर बघा. नदी तीच, गावपणही बरंचसं तसंच, आणि पणजी हाकेच्या अंतरावर. हा सल्ला तुमच्या मिस्टरांना आवडणार नाही, तरी मी तो देते आहे.

आणि सासूबाईंना विचारलंय का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला आपला डॉक्टर, आपलं भजनी मंडळ, आपला भाजीवाला सोडायला सांगताना निदान जागा आधी दाखवायला हवी. बेट त्यांना आवडेलही. तिथे सकाळ-संध्याकाळ सायकलवरून भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, पाव घेऊन दारात येतो, अंगणात बसलं की येणारा-जाणारा बोलतो. पुण्यातल्या चौथ्या मजल्यावर जितकी माणसं त्यांना दिवसभरात भेटतात, त्याहून जास्त कदाचित तिथे भेटतील. पण ते त्यांनी स्वतः बघून ठरवू दे.

आता तारीख. मेचा शेवटचा आठवडा मला अजिबात मान्य नाही. गोव्यात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो हा आपला जुना हिशेब, पण २०२५ मध्ये तो मे संपायच्या आतच दाखल झाला होता. तुमचा ट्रक दोन दिवस उशिरा निघाला, घाटात अडकला, की उघड्या धक्क्यावर पावसात पुस्तकं उतरवायची वेळ येणार. त्यात घाटांचं वेगळं दुखणं. आंबोली, चोर्ला, अनमोड, कुठूनही या, पावसाळ्यात दरडी आणि अवजड वाहनांवरची बंदी यांची बातमी ठरलेली. शिवाय गोव्याचा पाऊस हा पुण्याच्या पावसाचा थोरला भाऊ नव्हे, तो वेगळ्याच घरचा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी येते, मिठाची बरणी पाणी धरते, वीज जाते ती कधी येईल सांगता येत नाही. ज्यांनी गोवा फक्त डिसेंबरमध्ये पाहिलाय त्यांना हे सांगून कळत नाही, राहूनच कळतं.

तर माझं म्हणणं असं आहे. जूनमध्ये माणसं न्या, सामान नेऊ नका. तुम्ही, मिस्टर आणि लेक, चार बॅगा, तिघांच्या स्वयंपाकापुरती भांडी, गाद्या आणि मिस्टरांचा कामाचा संगणक, एवढंच. घरात पलंग, टेबल, कपाटं आहेतच, तीच पावसाळाभर वापरा. पुण्याचं घर चार-पाच महिने तसंच राहू दे. भाड्याचं असेल तर हा दुहेरी खर्च जड वाटेल, मान्य आहे. पण सगळं बिऱ्हाड नेलं आणि ऑगस्टमध्ये परत आणावं लागलं, तर याच्या कितीतरी पट पैसे जातील आणि मनस्ताप वेगळा. सासूबाई तेवढे महिने पुण्यातच थांबाव्यात. कुणाकडे, ते त्यांनी सांगावं. पावसाळा हीच या घराची खरी परीक्षा आहे. कौलं गळतात का, विहिरीचं पाणी गढूळ होतं का, मुसळधार पावसात इंटरनेट टिकतं का, नदीला पूर आला की बोट किती वेळ थांबते, लेक शाळेतून भिजून येते तेव्हा तुमची चिडचिड होते की हसू येतं, हे सगळं सप्टेंबरपर्यंत कळेल. नाही जमलं तर चार बॅगा उचलून परत या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मिस्टरांच्या कामासाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवा आणि दोन्ही त्या घरात, त्याच खोलीत, दारं बंद करून तपासा. बेटावर टेकडीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला रेंज सारखी नसते. इन्व्हर्टर मात्र पहिल्याच फेरीत हवा. त्याची ॲसिडची बॅटरी गाडीत उभीच ठेवायची आणि आजूबाजूला कपडे ठेवायचे नाहीत.

लेकीच्या शाळेचं आत्ताच बघा. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा प्रामुख्यानं मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या असतात, खासगी बहुतेक इंग्रजी. वरच्या इयत्तांचं शैक्षणिक वर्ष २०२५ पासून एप्रिलमध्येच सुरू होऊ लागलं आहे, म्हणून ती चौथीत असली तरी जूनचं गृहीत धरू नका, शाळेत जाऊन वेळापत्रक विचारा. बेटावरची शाळा की नदीपलीकडची, हा निर्णय वरकरणी शिक्षणाचा वाटतो, पण खरं तर तो रोज सकाळच्या बोटीचा आहे. पलीकडची शाळा घेतलीत तर तुमचं घड्याळ बोटीच्या वेळापत्रकावर लावावं लागेल. ते जमतं, बेटावरची कित्येक मुलं तेच करतात. पायी जाणाऱ्याला तिकीट पडत नाही, आणि रोज एकाच बोटीवर भेटून मैत्र्याही लवकर होतात.

आता सामान. पावसाळा पार पडला आणि राहायचं ठरलं, तर दिवाळीचा पाडवा झाल्यावर आठवड्याभरानं हलवा. या तारखेमागे कारण आहे. फेरीच्या धक्क्याचा उतार पाण्यात गेलेला असतो. पाणी फार खाली गेलं की बोटीची फळी आणि धक्का यांच्यातला चढ तीव्र होतो, भरलेल्या गाडीचा मागचा भाग घासतो किंवा गाडी मागे ओढते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती मोठी आणि ओहोटीही तितकीच खोल. सप्तमी, अष्टमी, नवमीला भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याची चढउतार सगळ्यात कमी. कोकणातले खलाशी भरतीची वेळ तिथीवरून काढतात, तो हिशेब तुम्हीही शिकून घ्या, बेटावर जन्मभर कामाला येईल: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल तो आकडा साधारण पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. नंतर सहाएक तासांनी ओहोटी. समुद्रापासून नदीत वर आलं की वेळ थोडी पुढे सरकते. पाडव्यानंतर आठवडा म्हणजे कार्तिक शुद्ध सप्तमी-अष्टमी, म्हणजे भांगाचे दिवस, म्हणून ती तारीख. दिवाळी उशिरा असेल त्या वर्षी एक गोष्ट तपासा. जुने गोव्याला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त ३ डिसेंबरला असतं आणि त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू होतात. त्या दहा दिवसांत जुने गोव्याचे रस्ते यात्रेकरूंनी भरलेले असतात, तिथे टेम्पो घालू नका. ऑगस्टमध्ये बेटावर बोंदेरा हा झेंड्यांचा उत्सव असतो, महिन्याच्या चौथ्या शनिवारी, तेव्हा बोटींवर पाय ठेवायला जागा नसते. तो बघायला जरूर थांबा, पण त्या दिवशी खुर्चीसुद्धा इकडून तिकडे नेऊ नका. गोकुळाष्टमीला नार्वेच्या बाजूला स्नानाची गर्दी असते, तेव्हाही तेच.

वार मधला निवडा. रविवारी पर्यटक असतात, सोमवारी सकाळी सगळे कामावर निघालेले. पहिली गाडी दहाच्या सुमारास धक्क्यावर आणा, म्हणजे शाळा-ऑफिसची गर्दी ओसरलेली असते.

पॅकर्सवाला 'तिथे पोचल्यावर बघू' म्हणाला, तिथेच त्याला निरोप द्यायला हवा होता. मोठा ट्रक बोटीवर घ्यायचा की नाही हे गाडीची लांबी, वजन, पाण्याची पातळी आणि बोटीवर आधीच किती गाड्या आहेत यावर ठरतं, आणि ते ठरवायचा अधिकार बोटीवरच्या माणसांचा. नदी परिवहन खात्याच्या या बोटी गावकऱ्यांच्या रोजच्या येण्याजाण्यासाठी आहेत. एक लांबलचक ट्रक घेतला की चार गाड्या आणि वीस दुचाकी काठावर राहतात. म्हणून मोठा ट्रक जुने गोव्याच्या बाजूलाच थांबवायचा, वाहतुकीला अडथळा होणार नाही अशी जागा आदल्या दिवशी बघून ठेवायची, आणि तिथून सामान छोट्या हत्तीत किंवा पिकअपमध्ये भरून फेऱ्या करायच्या. गाडी शक्यतो बेटावरचीच घ्या. त्या ड्रायव्हरला धक्क्याचा उतार, बोटीवर गाडी कशी लावायची, बोटवाल्यांची नावं, सगळं ठाऊक असतं, आणि गावातल्या माणसाला काम मिळतं. तीन-चार फेऱ्या होतील. गाड्या एकामागून एक रांगेत लावू नका, एक पलीकडे रिकामी झाली की दुसरी पाठवा. घरचं एक माणूस अलीकडे ट्रकजवळ, एक पलीकडे घरात. तुमच्या फोनवर तासातासाला बोलणं होत राहू दे.

दरपत्रक 'दारापासून दारापर्यंत' असं लेखी घ्या. त्यात फेरीचं भाडं, धक्क्यावर थांबण्याचे तास, दुसऱ्या गाडीत भरायची हमाली आणि दोन्ही काठांची माणसं, हे चारही मुद्दे स्पष्ट लिहिलेले असावेत. नाहीतर नदीच्या काठावर, अर्धं सामान पलीकडे गेलेलं असताना, वाढीव पैशांची मागणी येते आणि तेव्हा तुम्ही नाही म्हणू शकत नाही. सामानाचा प्रवास विमा वेगळा घ्या, आणि त्यात गाडी बदलताना होणारी मोडतोड धरलेली आहे का ते वाचून घ्या. साध्या पॉलिसीत ती अनेकदा नसते.

काय न्यायचं, यावर माझी मतं ठाम आहेत. आजेसासूबाईंचं सागवानी कपाट न्या. साग दमट हवेत टिकतो, कोकणात शंभर-शंभर वर्षांची सागवानी कपाटं घराघरांत आहेत. खुंट्यांचं असेल तर सुताराकडून सुटं करून घ्या, प्रत्येक भागावर खडूनं खूण करा, आणि तिथे भिंतीपासून चार बोटं लांब, पायांखाली दगड किंवा लाकडाचे ठोकळे ठेवून उभं करा. वाळवीचा रस्ता भिंतीतून आणि जमिनीतूनच येतो. पितळेची भांडी न्या, काळवंडतील, चिंच लावली की पुन्हा उजळतील. मॉड्यूलर कपाटं, बॉक्सचा पलंग, भुशाच्या प्लायचं जे काही असेल ते पुण्यातच विका. ती एका पावसाळ्यात फुगतात, बिजागऱ्या निघतात आणि मग बेटावरून टाकायलासुद्धा बोट लागते. सोफाही नको. कापडी सोफा ऑगस्टमध्ये कुबट वास धरतो तो मार्चपर्यंत जात नाही. त्यापेक्षा वेताच्या किंवा लाकडी खुर्च्या, ज्यांच्या गाद्या उन्हात टाकता येतील. लोखंडी कपाट असेल तर आत-बाहेर रंग देऊन न्या.

फ्रिज आडवा करू देऊ नका, आणि पोचल्यावर काही तास उभा ठेवूनच चालू करा. वॉशिंग मशीन पुढून दार उघडणारं असेल तर त्याचे ट्रान्झिट बोल्ट शोधा, नवीन घेताना मेकॅनिकनं काढून पिशवीत दिले असतील. ते न लावता मशीन हललं की ड्रम खिळखिळा होतो, आणि तुमच्या मशीनला तर ट्रक, पिकअप आणि बोट असे तीन प्रवास आहेत. भरलेला गॅस सिलिंडर सामानात अजिबात घालू नका. पुण्यातल्या एजन्सीला सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या, अनामत परत मिळते, त्या कागदावर गोव्यात नवं कनेक्शन मिळतं. हे मात्र जूनच्या आधी, नाहीतर पहिल्या दिवशी चूल पेटवावी लागेल.

पुस्तकांच्या चौदा खोक्यांविषयी थोडं जास्त लिहिते, कारण ती मला जवळची वाटतात. सगळी नेऊ नका. जी पुन्हा वाचणार नाही पण हातानं फेकवत नाहीत, ती पुण्यातल्या एखाद्या वाचनालयाला आनंदानं द्या, तिथे कोरडी राहतील. उरलेली लहान खोक्यांत भरा, प्रत्येक खोकं एका माणसाला उचलता यावं एवढंच, आत प्लास्टिकची पिशवी आणि तोंड बांधलेलं. बेटावर उघडी फळी नको, काचेच्या दाराचं कपाट हवं आणि पावसाळ्यात आत साधा पिवळा बल्ब दिवसातून काही तास लावायचा, त्याच्या ऊबेनं पानं कोरडी राहतात. आठवड्याला एकदा पुस्तकं हातात घेऊन चाळली, तर बुरशी आणि कसर दोन्ही लवकर दिसतात. ज्यांवर कुणाची सही आहे, आईवडिलांची अक्षरं आहेत, ती हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवा.

देव सामानात घालू नका. सासूबाई येतील तेव्हा त्यांच्या हातात, मांडीवर घेऊन येतील. या बेटाला त्याची सवय आहे. गोव्याच्या कदंब राजांचं दैवत सप्तकोटेश्वर मूळचं दिवाडीवरचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं तेव्हा लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेलं गेलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. नार्वेच्या फेरीनं पलीकडे उतरलात की ते देऊळ जवळ आहे. सासूबाईंना पहिल्या आठवड्यातच घेऊन जा.

गाडीबद्दल. एमएचची गाडी गोव्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर मोटार वाहन कायद्यानं तिथे नव्यानं नोंदणी करावी लागते. त्यासाठी पुण्याच्या आरटीओचं ना-हरकत पत्र लागतं, गोव्यात कर भरावा लागतो आणि इथे भरलेल्या कराचा उरलेला भाग मागता येतो. पावसाळ्याची परीक्षा होईपर्यंत याच्या मागे लागू नका. बोटीवर गाडी नेताना ती गिअरमध्ये आणि हँडब्रेक ओढून ठेवायची, आणि लेकीला खाली उतरून कठड्याशी उभं करायचं, आतमध्ये झोपलेलं ठेवायचं नाही. खरं सांगू का, बेटावर तुमची जास्त सोबत करील ती स्कूटर. पाऊस नसेल तेव्हा बोटीची वाट बघायला स्कूटरला कमी जागा लागते आणि लवकर नंबर लागतो.

भाडेकरूंची नोंद हद्दीतल्या पोलीस ठाण्यात द्यावी लागते, ती घरमालकाची जबाबदारी असली तरी मित्र परदेशात आहे, तेव्हा कागद तुम्हीच तयार ठेवा. त्यानं इथल्या कुणालातरी कुलमुखत्यारपत्र दिलेलं असलं तर फार बरं. छप्पर गळलं तर दुरुस्तीचा निर्णय कोण घेणार, पैसे कोण देणार, हे करारात हवं. कौलं दरवर्षी पावसाआधी शाकारावी लागतात. मैत्रीत हे विषय निघत नाहीत आणि मग मैत्री गळक्या कौलांवरून तुटते, म्हणून हा विषय तुम्ही काढा, मिस्टरांवर सोडू नका.

शेवटी गावाबद्दल. गोव्यातल्या छोट्या गावांना बाहेरून येणाऱ्यांविषयी धास्ती आहे आणि तिला कारणं आहेत. जमिनी विकल्या जाताहेत, घरं हॉटेलं होताहेत. दिवाडीवर पूल व्हावा की नाही यावरही गावात एकमत नाही. पूल नसल्यामुळेच हे बेट असं राहिलं, असं मानणारे बरेच आहेत. तुम्ही त्या वादात पहिल्या वर्षी मत देऊ नका. शेजारी ख्रिस्ती असोत की हिंदू, त्यांच्याशी मराठीतून बोललात तरी कळेल, पण कोकणी शिका, लेक तर तीन महिन्यांत बोलू लागेल. धक्क्यावर रांग मोडून गाडी पुढे घालू नका, कितीही घाई असली तरी. तिथे माणसाची पारख तशीच होते.

भाडेकरार जूनपासून करा, पण त्यात ऑक्टोबरअखेर एक महिन्याची नोटीस देऊन विनादंड घर सोडता येईल असं एक कलम घालून घ्या. एप्रिलच्या फेरीत डॉक्टरांचं आणि बोटवाल्यांचं उत्तर काय मिळालं, ते मला कळवा. सासूबाईंनी काय ठरवलं तेही.